जुनें हाड

ऐंशीच्या घरांतला एखादा वृद्ध काठीवांचून अजिंक्यताऱ्याची चढण चढून आला, कीं आमच्याकडे लोक कौतुकानें म्हणतात, "जुनें हाड आहे!" या उद्गारांत थोडी हळहळही असते, आतां तसलीं हाडें घडत नाहींत, असें बोलणाऱ्याला सुचवावयाचें असतें. पण तीं हाडें कोणत्या घरांत आणि कशावर घडलीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्यांचीं हाडें जुनीं होण्यापूर्वींच मोडलीं, त्यांची तर आठवणही या कौतुकाच्या वेळीं होत नाहीं.

इंग्लंडांतील हर्टफर्डशायर परगण्यांत 1911 सालापासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनीं एक शिस्त घालून दिली होती. मूल जन्मलें कीं त्याचें वजन टिपावयाचें, पुढें परिचारिकेनें घरीं जाऊन त्याची विचारपूस करावयाची आणि तें वर्षाचें झालें म्हणजे पुनः वजन करून वहींत लिहावयाचें. साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर व त्यांचे सहकारी यांच्या हातीं कित्येक दशकांनीं त्या वह्या लागल्या. तेव्हां वहींतलीं तान्हीं मुलें साठी-सत्तरीला आलेलीं होतीं. त्यांना गांठून तपासलें. पहिल्या वर्षाअखेर जीं अंगानें भरलेलीं होतीं, त्यांच्या हाडांतील खनिजांचा सांठा म्हातारपणीं सरासरीनें अधिक निघाला आणि मुठीची पकडही अधिक घट्ट निघाली. म्हाताऱ्याची मूठ पाळण्यांतच वळली जाते, हें वाचून मी क्षणभर थबकलों.

कारण तसें गूढ नाहीं. स्नायूंच्या तंतूंची संख्या बहुतांशीं जन्माच्या सुमारासच ठरून जाते. पुढें मेहनतीनें ते तंतू जाड होतात, इतकेंच. हाडाची गोष्ट मला हळदीच्या पेवावरून उमजली. सांगलीजवळ हरिपुरास जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद सांठवीत असत. पेव केवढें खणलें यावर त्यांत माल किती मावणार हें ठरे. हाडाचें पेव आईच्या पोटांत आणि बाळपणीं खणलें जातें, वयांत येतांना झपाट्यानें भरतें आणि तिशीच्या सुमारास तोंडाशीं येतें. त्यानंतर उपसाच सुरू होतो. पाळी गेल्यावर बायकांच्या पेवांतून तर कांहीं वर्षें हा उपसा फार वेगानें होतो. म्हणून मोठेपणीं हातपाय हलवूं नयेत असें नव्हे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा जन्मभर जो ध्यास घेतला, तो आजच्या वैद्यांनाही मानवण्यासारखा आहे; व्यायामानें उपसा मंदावतो. पण पेवाचा आकार त्यानें बदलत नाहीं.

आमचा कृष्णाकांठ पहिलवानांचा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 सालीं हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. सांगलीकडच्या कवठे पिरानचे मारुती माने यांचें नांव अजून तालमींतून निघतें. पोराचा खुराक, दूध, तूप, बदाम, यांचा हिशेब येथल्या घराघरांतून तोंडपाठ असे. ज्या माउलीच्या पोटांत पहिलवानाचें पहिलें हाड धरलें, तिच्या ताटांत काय पडत होतें याचा हिशेब कोणी ठेवला?

आमच्या साताऱ्याच्या घरीं एक म्हैस होती. सकाळच्या धारेचें दूध आम्हां भावांच्या पेल्यांत पडे, आणि ताईच्या वांट्याला ताक येई. आधीं पुरुष, मग मुलगे, शेवटीं आई आणि ताई, असा जेवणाचा क्रम होता. त्यांत दुष्टावा कोणाचाच नव्हता. चालच तशी होती. ताई लग्न होऊन सांगलीस गेली, तीन बाळंतपणें झालीं, आणि गेल्या वर्षीं न्हाणीघरांत नुसता पाय सरकल्याचें निमित्त होऊन तिचा खुबा मोडला. एका माणसावरून सिद्धांत काढूं नये, हें मला समजतें. ताकांतही कॅल्शियम असतेंच. तरी तिच्या खाटेशेजारीं बसलों असतां तो पितळेचा पेला डोळ्यांपुढून हालेना.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी 2.7 किलो भरलें, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचें 3.5 किलो. ही तूट मांसांत अधिक होती, चरबींत कमी. हींच मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर त्यांचीं हाडें यंत्रावर मोजलीं. ज्यांच्या आया गरोदरपणीं दूध, डाळी, पालेभाज्या, फळें असले जिन्नस अधिक वेळां खात होत्या, त्यांचीं हाडें अधिक भरीव निघालीं. येथें औषधाची बाटली कोठें आली नाहीं, हें मला विशेष वाटतें. आमच्या पाटण-जावळीच्या डोंगरांत पिकणाऱ्या नाचणींत शंभर ग्रॅममागें 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें, ज्वारींत 30 देखील नाहीं. आणि त्या नाचणीला पेठेंतल्या आमच्या घरांनीं गरिबाचें धान्य म्हणून नाक मुरडलें!

माण-खटाव आणि जत-आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेंतले. 1972 च्या दुष्काळांत तिकडच्या बायका दुष्काळी कामांवर खडी फोडीत होत्या. त्यांतल्या कित्येक दिवसांत असतील. परदेशांतून आलेल्या मिलोच्या भाकरीवर आणि वांटपाच्या सुकडीवर घरें तगलीं. तेव्हां पोटांत असलेलीं तीं मुलें आज पन्नाशी ओलांडून गेलीं आहेत, आणि त्यांतल्या मुलींचीं पेवें आतांच झपाट्यानें उपसलीं जात आहेत. साताऱ्याच्या स्थानकावर दहिवडीच्या एस. टी.तून त्या वयाची एखादी बाई एका हातानें दांडा धरून, दुसऱ्यानें कंबर दाबीत, पायरी चांचपून उतरतांना दिसली, कीं मी मनाशीं तिच्या जन्माचें साल मोजूं लागतों.