किंचाळायला मनाई

2020 च्या जूनमध्ये जपानमधली मनोरंजन उद्यानं एकेक करून उघडू लागली, तेव्हा त्यांच्या संघटनांनी एक नियमावली काढली. हात धुवा, अंतर ठेवा, मास्क लावा, हे सगळं अपेक्षितच होतं. पण त्यात आणखी एक कलम होतं : रोलरकोस्टरवर मोठ्यानं ओरडू नका. ओरडलं की तोंडातून तुषार उडतात आणि तुषारांबरोबर विषाणू. शास्त्र चोख होतं, तरी लोकांना हसू आवरेना. मग फुजी पर्वताजवळच्या फुजी-क्यू हायलँडनं एक चित्रफीत काढली. सूट-टाय घातलेले दोन अधिकारी, तोंडाला मास्क, 79 मीटर उंचीच्या 'फुजियामा' रोलरकोस्टरवर शेजारी-शेजारी बसलेत. गाडी शिखरावरून कोसळते, वळते, पुन्हा कोसळते आणि हे दोघं हूं का चूं करत नाहीत. वाऱ्यानं केस विस्कटतात ते तेवढे सारखे केले जातात. शेवटी पडद्यावर नम्र विनंती येते : मनातल्या मनात किंचाळा.

जगभर ती चित्रफीत गंमत म्हणून फिरली. मला तिच्यात आमचंच घर दिसलं. शब्द वेगळे असतील, पण मार्चपासून मी पोरांना दुसरं काही सांगतच नव्हते.

आम्ही निशी-कासाईत राहतो. टोकियोतल्या भारतीयांची सगळ्यात मोठी वस्ती आमच्या एदोगावा वॉर्डात आहे. त्यामुळे जिन्यात फोडणीचा वास येतो आणि गणपतीत मोदकाच्या पिठीसाठी धावाधाव होत नाही. घरं मात्र जपानी मापाची. आमच्या खाली एक वयस्कर जोडपं राहतं. फार सज्जन माणसं, म्हणूनच त्यांचा धाक जास्त. फरशीवर जाड मॅट अंथरलेली, खुर्च्यांच्या पायांना मोजे घातलेले आणि वर दिवसभर माझा जप : हळू, पाय आपटू नको, खाली आवाज जातो. त्यात ह्याचं ऑफिस घरात आलं. सकाळी टोकियोच्या मीटिंगा, दुपारनंतर बंगळुरूच्या. दार लोटलेलं दिसलं की तीन वर्षांचा धाकटासुद्धा ओठांवर बोट ठेवून चवड्यांवर चालायला शिकला.

थोरली त्याच एप्रिलमध्ये पहिलीत गेली. म्हणजे दप्तर आलं, शाळा आली नाही. मार्चपासून बंद झालेल्या शाळा आमच्याकडे जूनमध्ये उघडल्या, आणि पहिल्या वर्गात तिला पहिलं काय शिकवलं असेल, तर गप्प बसून जेवायला. सगळ्यांनी फळ्याकडे तोंड करायचं, कुणी कुणाशी बोलायचं नाही. संगीताच्या तासाला समूहगीत नाही. मी सांगलीच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकले. मधल्या सुटीत आमचा वर्ग कृष्णेच्या घाटापर्यंत ऐकू जायचा, असं बाई म्हणायच्या. लेक तिच्या शाळेचे नियम इतक्या शांतपणे सांगायची की मला भीती वाटे.

इथे लाठी नव्हती, हेही सांगायला हवं. भारतातून तेव्हा उठाबशांचे आणि पोलिसांच्या काठ्यांचे व्हिडिओ येत होते. जपानी सरकारनं लोकांना घरात राहण्याची फक्त विनंती केली. आता, काठी चुकवता येते. विनंती चुकवायची म्हणजे शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटायचं, आणि ते कुणालाच जमत नाही.

टोकियो डिस्नेलँड आमच्यापासून तसं हाकेच्या अंतरावर. नाव टोकियोचं, पत्ता चिबा प्रांतातल्या उरायासू शहराचा. मधे एक नदी. वारा तिकडून असला की रात्री साडेआठला आतषबाजीचे बार घरात ऐकू यायचे. आमच्याकडे ती झोपेची घंटाच होती. बार वाजले की दात घासायचे. 29 फेब्रुवारीला डिस्नेलँड बंद झालं आणि ती घंटाही. 1983 साली उघडलेलं हे उद्यान याआधी लांबलचक बंद राहिलं ते 2011 च्या भूकंपानंतर, तेही महिनाभर. या वेळी चार महिने गेले. 1 जुलैला दारं उघडली, तरी आतषबाजी नव्हतीच.

आम्ही गेलो ऑक्टोबरमध्ये. तिकीट आधीच, ऑनलाइन, ठरावीक तारखेचं आणि मोजक्याच लोकांना. दारात ताप तपासत होते. 37.5 किंवा वर निघाला तर परत. धाकट्याचं कपाळ उन्हानं तापलं असेल या भीतीनं मी बसमधून उतरल्यापासून त्यावर हात धरून चालत होते. निघाला 36.4. त्यानं ते पहिलं बक्षीस मिळाल्यासारखं सगळ्यांना सांगितलं.

आत शिरल्यावर मला आधी रिकामपण दिसलं. एरवी इथे पाय ठेवायला जागा नसते. रांगेत दोन तास उभं राहायचं, चार मिनिटं बसायचं आणि त्याला आनंद म्हणायचं. आता जमिनीवर खुणा, खुणेवर एकेक कुटुंब, मधे मोकळी फरशी. आणि शांतता. आमच्याकडे जत्रेला जायचं म्हणजे आधी गोंगाट ऐकू येतो, मग जत्रा दिसते. पिपाण्या, कर्णे, मौत का कुआँमधली मोटारसायकल, हरवलेल्या मुलाचं नाव पुकारणारा माईक. इथे संगीत वाजत होतं, करीच्या चवीच्या पॉपकॉर्नचा वास सुटला होता, माणसं हजारोंनी होती, आणि तरी मला माझ्याच बाबागाडीचं कुरकुरणारं चाक ऐकू येत होतं. मिकी रथातून गेला तेव्हा लोकांनी हाका मारल्या नाहीत, हात हलवले, टाळ्या वाजवल्या. मिठ्याबिठ्या बंदच. पोरांचं त्यावाचून काही अडलं नाही, हे मान्य करायला हवं. थोरली खुणेवर दोन्ही पाय जुळवून उभी होती आणि धाकटा पुढच्या कुटुंबाच्या खुणा मोजत होता. हळहळ सगळी आमचीच.

'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'च्या होडीत आमच्या पुढची रांग मोकळी सोडली होती. दोन्ही काठांवर देशोदेशींच्या बाहुल्या माना डोलवत होत्या. होडीतली माणसं मास्क लावून चिडीचूप, आणि बाहुल्या उघड्या तोंडानं, एकमेकींना खेटून, मनसोक्त गात होत्या. थोरलीनं विचारलं, "यांना कुणी सांगितलं नाही का?" तिचा आवाज एवढा बारीक होता की मला वाकून ऐकावं लागलं.

त्यानंतर बिग थंडर माउंटन. उंचीची अट 102 सेंटिमीटर. धाकटा नापास, म्हणून तो आणि मी बाहेर कठड्याशी. थोरली आणि हा आत. लाल डोंगराच्या कडेनं ती खाणीतली गाडी धडधडत यायची, वळायची, दिसेनाशी व्हायची. चाकांचा, रुळांचा, लाकडाचा आवाज यायचा, माणसाचा नाही. भरलेली गाडी उतारावरून सुसाटते आणि एकही किंकाळी नाही, हे बघायला काहीतरी विचित्रच वाटतं. दोन-तीन गाड्या अशा गेल्या. मग पुढच्या गाडीतून, भर जपानी शांततेत, खणखणीत मराठी ऐकू आली :

"आई गंऽऽ! मेलो मेलो मेलो!"

आठ महिने स्वतःला म्यूट करून बसलेला माणूस होता तो. मान वळवून कुणी बघितलं नाही. इथे बघत नाहीत. धाकट्यानं मात्र उड्या मारत टाळ्या वाजवल्या, "बाबा! बाबा!" आणि कठड्याशी उभ्या असलेल्या एका जपानी आजींचे मास्कच्या वरचे डोळे बारीक झाले. हसल्या असाव्यात.

दोघं बाहेर आले. ह्याचे कान लाल, चेहरा दहा वर्षांनी लहान. थोरली रडवेली. "बाबा, मनातल्या मनात ओरडायचं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं."

"अगं, मनात मावलं नाही," हा म्हणाला.

तिला ते पटलं नाही. परतीच्या बसमध्ये ती त्याच्या शेजारी बसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात डिस्नेलँड सुरू झालं. सोफा म्हणजे रोलरकोस्टर, ओढण्या म्हणजे पट्टे, मॅटवर चिकटपट्टीच्या खुणा. टीव्हीचा रिमोट कपाळाला लावून थोरली ताप बघते. बाहुल्यांना प्रवेश, धाकट्याला प्रवेश, मला सुद्धा. मीटिंग संपवून हा मोठ्या आशेनं खुणेवर येऊन उभा राहिला. तिनं रिमोट लावला, आकडा वाचल्यासारखं केलं आणि दाराकडे बोट दाखवलं.

"38," ती म्हणाली. "उद्या या."