मिस्त्री आणि इंजिनिअर

बाहेरच्या माणसाला आमचे वलवण दोन गोष्टींमुळे माहीत असते. एक म्हणजे द्रुतगती मार्गावरून लोणावळ्यात उतरायची जागा आणि दुसरे म्हणजे टाटांचे धरण. पर्यटक येतो, चिक्की घेतो, धरणाकडे एक नजर टाकतो आणि पुढे जातो. या पाण्याची कथा मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा इथला पाऊस पूर्वी पूर्वेकडे वाहायचा. इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात. शंभरेक वर्षांपूर्वी माणसाने तो अडवला, त्याचे तोंड पश्चिमेला वळवले आणि मोठमोठ्या नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली, खोपोलीत उतरवला. १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या आमच्या पावसावर चालू लागल्या.

त्या काळचे ते अगदी नवे तंत्रज्ञान. त्याची किंमत कुणी मोजली, हाही प्रश्न तेव्हाच उभा राहिला. पुढे १९२१ मध्ये मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. म्हणून नव्या यंत्राचे नाव निघाले की आमच्या भागातला जुना माणस लगेच टाळ्या वाजवत नाही. तो आधी विचारतो, 'हे कुणासाठी?' मला हा प्रश्न आवडतो. माझी मुलगी इंजिनिअरिंगला गेली आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या तंत्रज्ञान क्लबात शिरली, तेव्हा मीही तिला तोच विचारला होता.

हा क्लब म्हणजे कॉलेजच्या इमारतीतली एक जुनी खोली. चार लांब टेबले, सोल्डरिंगच्या इस्त्र्या, वायरींचे भेंडोळे आणि एक थ्री-डी प्रिंटर. या खोलीत हजेरी नाही आणि परीक्षेचे गुणही नाहीत. कॉम्प्युटरची मुले आणि मेकॅनिकलची मुले एका टेबलावर बसतात. वर्गात जे अजून शिकवले गेले नाही, ते इथे करून बघतात. ड्रोन उडवतात, पाडतात, पुन्हा जोडतात. कॅमेऱ्याला पानावरचा रोग ओळखायला शिकवतात.

पुण्याला या गोष्टीची परंपरा आहे. १८५४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातील, म्हणजे सीओईपीतील, विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला. वजन जेमतेम एक किलो. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३४ या यानाने एकाच उड्डाणात वीस उपग्रह वर नेले, त्यांत हा एक होता. अवकाशात त्याने आपले तोंड योग्य दिशेला ठेवावे यासाठी मुलांनी चुंबक वापरले होते. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे वळते, तसा उपग्रहच वळायचा, त्यासाठी वीज खर्ची पडायची नाही. हौशी रेडिओवाल्यांचे निरोप एका जागेहून घेऊन दुसऱ्या जागी पोचवणे हे त्याचे काम. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा उपग्रहही अवकाशात गेला. पुण्यात २००८ आणि २०१४ साली आशियातल्या विद्यार्थ्यांच्या यंत्रमानवांची रोबोकॉन ही स्पर्धाही झाली. २००८ च्या खेळाची कल्पना तर आपल्या दहीहंडीवरून घेतलेली होती.

मला 'स्वयम्'च्या कथेत एक गोष्ट विशेष वाटते. ज्यांनी त्याचा पहिला नकाशा काढला, ती मुले उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडली होती. पुढच्या तुकडीने काम हाती घेतले, मग तिच्या पुढच्या. आपल्या हयातीत फळ दिसेल याची खात्री नसताना आंब्याची कोय लावावी, तशी ही मुले काम करून गेली.

माझ्या मुलीचा क्लब इतका मोठा नाही. आणि तिथे टिकणे तिला सोपेही नव्हते. पुण्यात खोली शोधायला आम्ही दोघे हिंडलो. दोन ठिकाणी सगळे ठरत आले आणि आडनाव ऐकल्यावर घरमालकांना अचानक पाहुणे येणार असल्याचे आठवले. हे वाचणाऱ्या अनेकांना पुढचे सांगायची गरज नाही. शेवटी ती लोणावळा-पुणे लोकलने जाऊ-येऊ लागली. क्लबाचे काम मात्र संध्याकाळी पाचनंतर रंगात येते. मुले रात्री दहापर्यंत बसतात. माझ्या मुलीचे एक डोळे सर्किटवर आणि दुसरे घड्याळावर. तिची अम्मी खिडकीशी. नातेवाइकांचे फोन निराळेच, 'पोरीची जात, इतक्या रात्री?' रमजानमध्ये तिच्या मैत्रिणी टेबलावर सोल्डरच्या रिळाशेजारी खजुरांचा डबा ठेवायच्या. तिने रोजा तिथेच सोडावा आणि मग लोकल गाठावी, एवढाच त्यांचा हेतू. त्या डब्याचे मला फार अप्रूप वाटले.

आमच्या घरात विजेचे काम नवीन नाही. माझे वडील मोटारी रिवाइंड करायचे. बंगल्यांतले पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी, हॉटेलातले पंखे. जळालेली तांब्याची तार काढायची, वेढे मोजायचे, नवी तार तितक्याच वेढ्यांनी भरायची. आता ते दुकान माझे चाचा चालवतात. चाचा सातवीपर्यंत शिकले. मोटारीला कान लावून बेअरिंग गेले की वाइंडिंग गेले, हे ते सांगतात आणि ते चुकत नाही. आपल्या समाजात असे हात मोहल्ल्यामोहल्ल्यांत आहेत. वेल्डर, रेडिएटरवाले, लेथवाले, टिनकाम करणारे. हात शहाणे, पण कागद नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवले होते की, देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम असतो. आपल्या सभांमधून हा आकडा आपण अनेकदा ऐकला. पण ज्या समाजाच्या हाती इतके हुनर आहे, तो समाज इंजिनिअरिंगच्या वर्गात इतका विरळ का, हा प्रश्न त्या आकड्याच्या पोटात आहे. मिस्त्री आणि इंजिनिअर यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि आपण बहुतेक भिंतीच्या एकाच बाजूला राहिलो.

३० जून २०२४ चा रविवार लोणावळा विसरणार नाही. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यावर पुण्याहून आलेले एक कुटुंब अचानक वाढलेल्या पाण्यात सापडले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचे चित्रण देशभर फिरले. एक स्त्री आणि चार मुले अशा पाच जणांचा त्यात अंत झाला. आपल्याच समाजाचे ते कुटुंब. पण पाणी आडनाव विचारत नाही. दरवर्षी कुणाचे ना कुणाचे घर या पावसात बुडते.

त्यानंतर माझ्या मुलीने क्लबात विषय मांडला. आमच्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खाली ऊन असते, वर डोंगरात ढग कोसळतो आणि दहा-पंधरा मिनिटांत ओढ्याचे रूप पालटते. वर पाणी वाढले की खाली भोंगा वाजावा, असे साधन बनवता येईल का? ओळखीच्या एका शेतकऱ्याने आपल्या शेतातल्या ओढ्यावर प्रयोग करायची परवानगी दिली आणि शनिवार-रविवारी क्लबातली पाच-सहा मुले वलवणला येऊ लागली. लोकलचा प्रश्न असा सुटला. मुलगी कामाकडे जात होती, आता काम तिच्या दाराशी आले.

पहिले यंत्र फार देखणे होते. पाण्याच्या वर टांगलेला एक सेन्सर. तो कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. पाण्यावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला, त्यावरून पाणी किती वर आले ते कळते. ही माहिती 'लोरा' नावाच्या रेडिओ पद्धतीने खालच्या पेटीकडे जाते. निरोप छोटा असतो, पण वीज फार कमी लागते आणि अंतर मोठे गाठता येते. बॅटरी भरायला सौर पॅनेल. टेबलावर सगळे झकास चालले.

मग जुलै आला. आमचा जुलै पुण्याच्या मुलांनी पाहिला नव्हता. धुके असे की आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन नाही, पॅनेल बिचारे काय करणार? सेन्सरच्या तोंडावर दव साचले, फेसाळ पाण्यावरून आवाज नीट परतेना. तिसऱ्या आठवड्यात पेटी उघडली तर सर्किटवर हिरवा गंज.

पेटी घेऊन मुलगी दुकानात आली. चाचांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "बेटी, पानी को रोकते नै. पानी आयेगाच. अंदर का माल बचाने का."

मोटारीचे वाइंडिंग भरून झाले की ते इन्सुलेटिंग वार्निशमध्ये बुडवतात, निथळू देतात आणि भाजतात. वेढ्यावेढ्यांत वार्निश मुरते, मग ओल शिरत नाही. तेच सर्किटला करायचे, असे चाचांचे म्हणणे. मुले एकमेकांकडे बघू लागली, कारण मोठे कारखाने आपल्या सर्किटांवर अशाच प्रकारचा थर देतात, हे त्यांनी वाचले होते. चाचांनी ते वाचले नव्हते. मुलांनीही आपली बाजू सांगितली. मोटारीइतके भाजले तर प्लॅस्टिकचे कनेक्टर वितळतील आणि सेन्सरच्या तोंडावर वार्निश गेले तर तो बहिरा होईल. मग कनेक्टरांना टेप गुंडाळला, बॅटरी काढून ठेवली आणि लाकडी खोक्यात एक पिवळा बल्ब लावून मंद उष्णतेवर सर्किट सुकवले. चाचांनी मुलांना शिकवले, मुलांनी चाचांना. दुकानात मी अशी शिकवणी पहिल्यांदाच पाहिली.

दुसरी सूचनाही चाचांचीच. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो, पाणी वर आले की तो उचलला जातो. मुलांनी भोके पाडलेल्या पीव्हीसी पाइपात चुंबक लावलेला फ्लोट सोडला. बाहेरून काचेच्या नळीतला छोटा स्विच बसवला. चुंबक जवळ आले की तो जुळतो. पाइपामुळे फेस आणि लाटा बाहेर राहतात. पालापाचोळा अडकू नये म्हणून जाळी.

आता यंत्राला दोन साक्षीदार झाले, आणि एक अवघड प्रश्न उभा राहिला. भोंगा कधी वाजवायचा? एकाने सांगितले तरी, की दोघांनी सांगितल्यावरच? दोघांची वाट पाहावी तर एखाद्या वेळी उशीर होईल आणि जीव जाईल. एकावर विश्वास ठेवावा तर 'लांडगा आला रे आला' होईल आणि चौथ्या वेळी कुणी ऐकणार नाही. मुले या प्रश्नावर दोन रविवार भांडली. शेवटी ठरले की, एकाने सांगितले तर तुटक भोंगा, दोघांनी सांगितले तर सलग. वरची पेटी दर दहा मिनिटांनी 'मी जागी आहे' असा निरोप खाली पाठवते. निरोप आला नाही तर खाली लाल दिवा लागतो. म्हणजे यंत्र मुके झाले तर तेही कळते.

२०२५ च्या पावसाळ्यात ही दुसरी पेटी ओढ्यावर टिकली. गंज चढला नाही. एकदा जाळीत फांदी अडकून फ्लोट वर राहिला, तेव्हा तुटक भोंगा वाजत राहिला आणि शेतकरी वैतागला. म्हणजे काम अजून संपलेले नाही. हे प्रयोगातले यंत्र आहे. त्याच्या भरवशावर कुणी ओढ्यात उतरावे असे ते नाही, आणि मुले तसे सांगतही नाहीत. सरकारी बंदोबस्त, धोक्याच्या पाट्या आणि माणसाची स्वतःची अक्कल यांची जागा भोंगा घेऊ शकत नाही. त्याच वर्षी १५ जूनला आमच्याच मावळात, कुंडमळ्याला, इंद्रायणीवरचा जुना पूल माणसांच्या भाराने कोसळला. धोका ठाऊक असणे आणि धोका टळणे यांत मोठे अंतर आहे.

आपल्याकडे विज्ञानाचा विषय निघाला की आपण वारशाकडे वळतो. अल-जझरीचे नाव मीही अभिमानाने घेतो. १२०६ साली त्याने पाण्यावर चालणाऱ्या घड्याळांचे, पंपांचे, आपोआप हलणाऱ्या बाहुल्यांचे पुस्तक पूर्ण केले. त्यात यंत्र कसे जोडायचे हे त्याने पायरीपायरीने लिहून ठेवले, कारण तो स्वतः हाताने काम करणारा होता. त्याच्याकडे मिस्त्री आणि इंजिनिअर हे एकच माणूस होते. पण आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा अभिमान आज आपल्या मुलीला लोकलमधून सुखरूप घरी आणत नाही. त्यासाठी खजुराचा डबा ठेवणाऱ्या मैत्रिणी लागतात, शनिवारी दुकान उघडे ठेवणारा चाचा लागतो आणि मुलीच्या वेळेची बाजू घेणारे घर लागते.

गेल्या हिवाळ्यात क्लबाने चाचांना कॉलेजात बोलावले. वाइंडिंग कसे भरतात ते त्यांनी तासभर दाखवले. मुले बाकांवर चढून पाहत होती. पाहुण्यांच्या नोंदवहीत नाव आणि हुद्दा लिहायचा होता. चाचांनी सावकाश मराठीत लिहिले, 'मिस्त्री'. त्यांच्या खालच्या ओळीत माझ्या मुलीने आपले नाव लिहिले, त्यापुढे 'विद्यार्थिनी'.

मी माझ्या समाजबांधवांना एवढेच सांगेन. तुमच्या शहरात, तालुक्याच्या गावात, जिथे कॉलेज आहे तिथे असा एखादा क्लब असेल. मुलाला, त्याहून अधिक मुलीला, तिथे जाऊ द्या. आणि तुमचे गॅरेज असेल, लेथ असेल, वाइंडिंगचे दुकान असेल, तर त्या क्लबातल्या पोरांना आत येऊ द्या, मग ती कुणाचीही असोत. ती बरेच काही मोडतील, पसारा करतील, नको ते प्रश्न विचारतील. विचारू द्या. 'हे कुणासाठी?' हा आपला जुना प्रश्नही त्यांना विचारा. वलवणच्या पाण्याने एकेकाळी मुंबईच्या गिरण्या चालवल्या. त्या पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसांसाठी काही करायची पाळी आता आमच्या मुलांची आहे.