आम्ही होडी शिवली

आम्ही व्यवसायाने कारकून. खतावणी, पावत्या आणि फायली यांत वीस वर्षे गेली. उरलेला वेळ वस्तीच्या कामात. हातात कधी रंधा धरला नाही. तेव्हा परभणीत, समुद्रापासून कोसो दूर, आम्ही अंगणात होडी बांधायला घेतली म्हटल्यावर ऑफिसात हशा पिकला. "बनी तो बनी, नही तो परभणी" असे कोणीतरी म्हणालेच.

सुरुवात एका बातमीने झाली. गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा गावची मुले थर्मोकोलच्या तुकड्यांवर बसून जायकवाडीचे फुगवट्याचे पाणी ओलांडतात आणि शाळेला जातात, असे २०२३ साली वर्तमानपत्रात आले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आमच्या मुलाने ते कात्रण वहीत ठेवले आणि विचारले, "बाबा, थर्मोकोलपेक्षा होडी करणे अवघड असते का?"

उत्तर आमच्याकडे नव्हते. आमचे मूळ गाव पाथरी तालुक्यात, गोदाकाठी. पूर आला की तिथे आजही गुळाची काहील पाण्यात सोडून माणसे काढतात. म्हणजे प्रश्न काही परक्याचा नव्हता.

आमचे एक मामेभाऊ मुंबईला बोटी दुरुस्तीच्या कामावर होते. त्यांनी फोनवर एक गोष्ट सांगितली. विलायतेत शिडाची होडी म्हणजे पैसेवाल्यांचा शौक. १९६२ च्या सुमारास तिथल्या 'डेली मिरर' या दैनिकाने कामगार माणसाला घरी बांधता येईल अशा होडीचे किट काढले. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल या दोघांनी ती आखली होती. लांबी जेमतेम अकरा फूट. प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यावर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवायची. सुताराचे सांधे नकोत की मोठा कारखाना नको. अशा सत्तर हजारांच्या आसपास होड्या झाल्या. "तुम्हाला त्याहून लहान, आठ फुटांची कापून पाठवतो," मामेभाऊ म्हणाले.

२०२५ च्या भीमजयंतीनंतर किट आले. रेल्वे पार्सलने, पोत्यात गुंडाळून. प्रत्येक फळीवर पेन्सिलने नंबर. राळ, हार्डनर आणि भाडे धरून खर्च २१,६४० रुपये. आमच्या आयुष्यमतींनी वहीतला आकडा वाचला आणि एवढेच म्हणाल्या, "यात पोराची वर्षाची शिकवणी झाली असती." ते खरेच होते. आम्ही गप्प बसलो.

पहिल्याच दिवशी चार आणि पाच नंबरच्या फळ्या आम्ही उलट्या शिवल्या. हिशेबात अशी चूक झाली तर लाल शाईने दुरुस्त होते. इथे सगळ्या तारा कापाव्या लागल्या. दुसरी फजिती राळेची. डबा भरून एकदम कालवली. एप्रिलचे परभणीचे ऊन, पत्र्याचे शेड. दहा मिनिटांत डबा हाताला चटके देऊ लागला, धूर निघाला आणि आत दगड झाला. मामेभाऊ फोनवर हसले. राळ आणि हार्डनर एकत्र आले की आपोआप उष्णता निघते. डब्यात साठून राहिली की ती आणखी भडकते. थोडी थोडी कालवायची, पसरट भांड्यात, आणि गारव्यात. मग आम्ही पहाटे चारला उठू लागलो.

शिवणकाम मात्र खरे जमले ते आयुष्यमतींना. दर चार इंचांवर भोक, त्यातून तार, पकडीने पीळ. जन्मभर गोधड्या शिवलेला हात. कुठे ताण द्यायचा, कुठे सैल सोडायचे, हे त्यांना सांगावे लागले नाही. आमचा पीळ तुटायचा, त्यांचा नाही.

त्याच मे महिन्यात, २१ तारखेला, कारवारला 'कौंडिण्य' नावाचे जहाज नौदलात दाखल झाल्याची बातमी आली. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेले, अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेले. आम्ही अजिंठ्याला तीनदा गेलो, बसने, वस्तीतली माणसे घेऊन. जहाजाकडे एकदाही लक्ष गेले नव्हते. घरात ती बातमी वाचून दाखवली तेव्हा आयुष्यमती म्हणाल्या, "म्हणजे शिवायची रीत विलायतेची नव्हेच!"

होडी उभी राहिली. आता आई बोलली. ती पंधरा दिवस नुसती बघत होती. "लेकरा, कशाला पाण्याच्या नादी लागायलास? आपल्या घरात कोणाला पोहायला येतंय?"

कोणालाच येत नव्हते. वडिलांच्या लहानपणी गावात पोहणे शिकायची एकच शाळा, ती म्हणजे मळ्यातली विहीर. तिथे बाकीची पोरे उड्या मारायची. आपल्या पोरांनी लांबून बघायचे. जिथे पाण्याला हात लावायची मनाई, तिथे अंग बुडवायचे कुठले? जे बापाला येत नाही ते मुलाला कोण शिकवणार? आम्हाला कोणी हाकलले नाही, पण आम्ही गेलोही नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तो हक्काचा प्रश्न होता. हक्क मिळाला; पोहणे राहून गेले.

तेव्हा घरात ठरले, पोहता आल्याशिवाय कोणी होडीत बसायचे नाही. चुलत्यांना जुन्या काळी सरकारी योजनेतून विहीर मिळाली होती. चव्वेचाळीस वर्षांचे आम्ही पाठीला वाळला भोपळा बांधून तिच्यात उतरलो. सोळा वर्षांचा पुतण्या गुरुजी! "काका, पाय मारा, पाय!" काठावर वस्तीतली पोरे लोळून हसत होती. आयुष्यमती दोन रविवार बसून पाहत होत्या. तिसऱ्या रविवारी सलवार घालून उतरल्या आणि आमच्या आधी शिकल्या. हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण खरे ते लिहावे.

सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला. वस्तीतली माणसे शाळेत हलवली होती. मुलगा म्हणाला, होडी टेम्पोत घालू आणि नेऊ. आम्ही नाही म्हणालो. दोन शीट प्लायवूडची होडी साठलेल्या पाण्याची. पुराच्या धारेत ती झाकणासारखी उलटते. "मग बांधली कशाला?" म्हणाला. दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. आमचा निर्णय बरोबर होता असे आजही वाटते, पण त्या दोन रात्री झोप लागली नाही.

डिसेंबरात बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात होडी सोडली. मामेभावांनी पाठवलेली जॅकेटे सर्वांच्या अंगात. तळाशी तारेचे एक भोक बुजायचे राहिले होते. मुलगा तांब्याने पाणी उपसत होता आणि आम्ही वल्ही मारत होतो. आई काठावर, पाण्याकडे पाठ करून बसली होती. दर थोड्या वेळाने नातीला विचारायची, "कुठवर गेले गं?" तिसऱ्या फेरीला ती वळून बसली.

त्या भोकात अजून पुट्टी भरायची आहे. रविवारी मामेभाऊ येणार आहेत.