हद्द, हेतू आणि तडजोड

वाचकहो, ‘अतिक्रमण’ हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पदपथावर सरकलेले दुकान, रस्त्यात पुढे आलेला ओटा, नाहीतर पडीक जागेवर एका रात्रीत उठलेली भिंत. कायद्याच्या मराठी पुस्तकात ‘फौजदारीपात्र अतिक्रमण’ म्हणून जो अपराध सांगितला आहे, त्याला मात्र विटाचुना लागत नाही. एक पाऊल पुरते. हिंदीत त्यालाच ‘आपराधिक अतिचार’ म्हणतात. भाषांतराच्या मेजावर हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले की मनात येते, आपल्या घराघरांतून या पावलाविषयी किती गैरसमज असतील!

पहिला गैरसमज असा की, परक्याच्या हद्दीत पाऊल पडले की गुन्हा झालाच. तसे नाही. प्रवेश दुसऱ्याच्या ताब्यातील मालमत्तेत झालेला असावा लागतो, आणि त्यामागे काही अपराध करण्याचा, किंवा ताबेदाराला धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा वा त्याला त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. सरळपणे आत आलेला मनुष्य अशा हेतूने तेथेच अडून बसला, तर तोही या व्याख्येत येतो. दुसऱ्याला त्रास होईल एवढी जाणीव असणे पुरेसे नाही. त्रास देणे हाच उद्देश होता असे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. व्याख्येत शब्दही मालकीचा नाही, ताब्याचा आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८६० च्या दंडसंहितेत या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३२९ व्या कलमात कैदेची मुदत तीच राहिली, दंडाची मर्यादा मात्र ५,००० रुपयांवर गेली. राहत्या घरात शिरल्यास कैद एक वर्षापर्यंत होऊ शकते. दोन्ही अपराध दखलपात्र असले तरी जामीनपात्र आहेत. तेव्हा पोलिसांनी नेले म्हणून घरात रडारड करण्याचे कारण नाही. जामीन हा तेथे हक्क आहे, उपकार नव्हे.

मग अशा खटल्यांचा शेवट कसा होतो? आरंभी न्यायदंडाधिकारी आरोपीला आरोपाचा तपशील समजावून सांगतात आणि कबूल आहे की नाही हे विचारतात. कित्येक जण रोजच्या खेपांना कंटाळून ‘कबूल’ म्हणतात आणि दंड भरून मोकळे होतात. पण तो मोकळेपणा फसवा असतो. दंड थोडका असला तरी ती दोषसिद्धीच, आणि नोकरीच्या अर्जात तिचा जाब पुढे द्यावा लागू शकतो. म्हणून वकिलाला विचारल्यावाचून हा शब्द उच्चारू नये. दोष सिद्ध झाल्यावरही, पूर्वी शिक्षा झालेली नसेल, तर १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमान्वये समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. खटला पुराव्याला लागला, तर ताबा आणि हेतू या दोन्ही गोष्टी सरकार पक्षाला सिद्ध कराव्या लागतात. आरोपीने प्रामाणिकपणे ‘हा माझा हक्क आहे’ असे मानून पाऊल टाकले असेल, तर प्रकरण बहुधा तेथेच ढासळते आणि खरा वाद दिवाणी दाव्याकडे वळतो.

आणखी एक वाट आहे, ती तडजोडीची. हा अपराध आपसात मिटवता येतो. मिटवण्याचा अधिकार ज्याच्या ताब्यात मालमत्ता आहे त्याचा. त्यासाठी न्यायालयाची परवानगीही लागत नाही. दोघांच्या सहीची पुरसीस दाखल झाली की आरोपी निर्दोष सुटतो. हिंदीत अशा अपराधाला ‘शमनीय’ म्हणतात. शमन म्हणजे शांत होणे. शब्द मोठा गोड आहे. परंतु कागदावर आग शमली म्हणजे ती मनातही शमते, असे मात्र नाही.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या न्यायालयात मी असाच बाकावर बसलो होतो. पुकारा झाला आणि दोन चुलतभाऊ पुढे आले. धाकट्याने थोरल्याच्या शेतातून बैल नेले, एवढीच फिर्याद. तारखांवर तारखा पडल्या होत्या. त्या दिवशी वकिलांनी पुरसीस पुढे केली. थोरल्याने अंगठा उठवला, धाकट्याने सही केली, आणि दहा मिनिटांत सारे आटोपले. बाहेर व्हरांड्यात धाकटा थोरल्याच्या पाया पडू लागला, तोच थोरल्याची बायको म्हणाली, “भाऊजी, मिटलं म्हणता, पण येत्या पेरणीला बैल कुठून नेणार, ते कुणी लिहिलंय का?”

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. वकीलही क्षणभर गप्प झाले. त्या कागदात तक्रार संपली होती. वाट कोठेच नव्हती. वहिनींचा प्रश्न मात्र नेमका मर्मावर होता. फौजदारी न्यायालय आरोपीला सोडते वा शिक्षा करते. बांध कोणाचा आणि वहिवाट कोणाची, हा निवाडा त्या खटल्यात होत नाही. वाट तशीच राहिली, तर नवी पेरणी नवी फिर्याद घेऊन येते.

म्हणून तडजोड करताना दोन कागद करावेत. एक खटला मिटवण्याचा. दुसरा, वाट कोणत्या गटातून, किती रुंद, कोणत्या हंगामात, हे सांगणारा. महाराष्ट्रात शेताची वाट अडवली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मिटण्याजोगी प्रकरणे लोकअदालतीतही नेता येतात आणि तेथील निवाड्यावर अपील चालत नाही. वकिलाचे शुल्क परवडत नसेल, तर १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाने ठरावीक उत्पन्नाखालील लोकांना विनामूल्य साहाय्य मिळते. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो. ते खरेच आहे. परंतु चढावीच लागली, तर उतरताना हातात काय आहे, हे शहाण्याने पाहावे. नुसती सुटका घेऊन परतणारा पुन्हा तीच पायरी चढतो. वाट लिहून घेऊन परतणाऱ्याच्या घरी पेरणी सुखाने होते, आणि दिवाळीच्या फराळाचे ताट बांधापलीकडे नेताना कोणाचे पाऊल अडखळत नाही.