एक बेट, एक शहर आणि मधली हिरवी रेघ

मित्रांनो, जगाचा नकाशा जवळ असेल तर उघडा बरं. भूमध्य समुद्राच्या अगदी पूर्वेच्या कोपऱ्यात बोट ठेवा. वर तुर्कस्तान, उजवीकडे सीरिया आणि लेबनॉन. त्यांच्या कुशीत पाण्यामध्ये एक बेट दिसेल. मूठ वळून एकच बोट सीरियाच्या दिशेनं लांब केल्यासारखा त्याचा आकार. हेच ते सायप्रस!

क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर. म्हणजे आपला एकटा सातारा जिल्हासुद्धा त्याहून थोडा मोठाच भरतो. पण या एवढ्याशा जागेत कारभार किती असावेत? चार! दक्षिणेला सायप्रस प्रजासत्ताक, ज्याला जवळजवळ सगळं जग मानतं. उत्तरेला 'उत्तर सायप्रसचं तुर्की प्रजासत्ताक', ज्याला फक्त तुर्कस्तान मानतं. दोघांच्या मधोमध पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा, तिथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांचा पहारा. आणि शिवाय ब्रिटनचे दोन लष्करी तळ!

या बेटाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न पन्नास वर्षांहून जास्त काळ लोंबकळत पडला आहे. पुन्हा एक व्हायचं, की झालेली वाटणी कायमची मान्य करून टाकायची? चला, आधी तिथल्या राजधानीत एक फेरफटका मारू. मग हा प्रश्न आपणही सोडवायला घेऊ.

अकरा बुरुजांचं शहर

राजधानीचं नाव निकोसिया. ग्रीक लोक तिला लेफ्कोसिया म्हणतात आणि तुर्की लोक लेफ्कोशा. जुन्या शहराभोवती व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी सोळाव्या शतकात बांधलेला गोल तट आहे. त्याला अकरा बुरूज. आज त्यातले पाच दक्षिणेत, पाच उत्तरेत आणि एक मधल्या पट्ट्यात! कुणी हिशेब करून वाटलेले नाहीत बरं का. रेघच तशी पडली.

दक्षिणेकडून निघालो की लेड्रा रस्ता लागतो. गाड्यांना बंदी, त्यामुळे मजेत रमतगमत चालायचं. दोन्ही बाजूंना कपड्यांची, आइस्क्रीमची दुकानं. पाट्या ग्रीक, पैसे युरो. 'कालिमेरा' म्हणजे सुप्रभात. चालता चालता एकदम एक चौकी येते. पासपोर्ट दाखवायचा आणि पुढे निघायचं. थोडी पावलं चाललो की दुसरी चौकी. तिथे पुन्हा पासपोर्ट. आणि मग? रस्ता तोच, ऊनही तेच. पण पाट्या तुर्की, पैसे लिरा, आणि 'कालिमेरा'च्या जागी 'मेरहबा'!

आणखी थोडं पुढे १५७२ साली बांधलेली 'ब्युयुक हान' ही दगडी सराई आहे. जवळच सेलिमिये मशीद. तिच्याकडे नीट पाहा. कमानी उंच, टोकदार, युरोपातल्या जुन्या चर्चसारख्या; आणि बाजूला मिनार. पूर्वी ते सेंट सोफियाचं चर्च होतं. तुर्कांनी बेट जिंकल्यावर त्याची मशीद झाली. एकाच इमारतीत बेटाचा अर्धा इतिहास!

बसून कॉफी मागवलीत, तर लहानशा कपात दाट, काळी, खाली गाळ बसणारी कॉफी येईल. इथे ती 'तुर्की कॉफी'. रेघेच्या पलीकडे हीच कॉफी 'ग्रीक कॉफी' होते. सोबतचं खारट चीज तिकडे 'हालुमी', इकडे 'हेलिम'. २०२१मध्ये युरोपीय संघानं या चीजला खास सायप्रसचं म्हणून मान्यता दिली, तीही दोन्ही नावांनी.

इतकं सारखं आहे, तर मग भांडण कशाचं?

नको असलेलं स्वातंत्र्य

बेटावर पूर्वी ब्रिटिशांचं राज्य होतं. लोकसंख्येत सुमारे चार पंचमांश ग्रीक भाषक ख्रिस्ती आणि जवळपास एक पंचमांश तुर्की भाषक मुसलमान. अनेक गावांत दोघांची घरं शेजारी शेजारी. १९५०च्या दशकात ग्रीकांना हवं होतं 'एनोसिस', म्हणजे ग्रीसमध्ये विलीन होणं. तुर्कांना हवं होतं 'तक्सिम', म्हणजे वाटणी. हा शब्द ओळखीचा वाटतो ना? जुन्या मराठी कागदपत्रांत वतनातल्या हिश्श्याला 'तक्षीम' म्हणत. मूळ अरबी शब्द एकच!

एकाला विलीनीकरण हवं, दुसऱ्याला वाटणी. १६ ऑगस्ट १९६० रोजी मिळालं मात्र तिसरंच: स्वतंत्र, अखंड सायप्रस. त्याचा आराखडा १९५९मध्ये झुरिक आणि लंडन इथे ठरला. ठरवण्यात पुढाकार होता ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटनचा. अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्की. महत्त्वाच्या बाबतींत दोघांनाही नकाराधिकार. सरकारी नोकऱ्यांत दहापैकी तीन जागा तुर्कांना.

ग्रीक म्हणू लागले, "आमच्या मानानं त्यांना फार दिलं!" तुर्क म्हणू लागले, "एवढंही नसेल तर आम्हाला विचारणार कोण?" कामं अडू लागली. नोव्हेंबर १९६३मध्ये अध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी राज्यघटनेत तेरा बदल सुचवले. तुर्कांना वाटलं, आपलं संरक्षणच काढून घेताहेत. डिसेंबरात दंगली पेटल्या, माणसं मारली गेली. हजारो तुर्की कुटुंबं गावं सोडून, एकमेकांच्या आधारानं छोट्या छोट्या वस्त्यांत कोंडून राहू लागली.

भांडणारे वेगळे राहावेत म्हणून ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी निकोसियाच्या नकाशावर एक रेघ ओढली. हातातली पेन्सिल हिरवी होती, म्हणून ती 'हिरवी रेघ'. पेन्सिलीची रेघ खोडरबरानं पुसता येते ना? ही अजून पुसलेली नाही.

मार्च १९६४मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना आली. तिचे पहिले प्रमुख होते भारताचे लेफ्टनंट जनरल ग्यानी. त्यांच्यानंतर आले आपले माजी सेनाप्रमुख जनरल थिमय्या. डिसेंबर १९६५मध्ये तिथेच, कामावर असताना त्यांचा मृत्यू झाला. सायप्रसनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

मग उजाडलं १९७४. १५ जुलैला, ग्रीसमधल्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्यानं मकारिओस यांच्याविरुद्ध बंड झालं. आता बेट ग्रीसला जोडणार, असं दिसू लागलं. पाचच दिवसांनी तुर्कस्तानचं सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलं. ऑगस्टमध्ये ते आणखी पुढे सरकलं आणि बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्यानं व्यापला. दीड लाखांहून जास्त ग्रीक घरदार सोडून दक्षिणेकडे पळाले. चाळीस हजारांहून जास्त तुर्क दक्षिणेतली घरं सोडून उत्तरेला गेले. त्या वेळी शांतिसेनेचे प्रमुख होते जनरल प्रेमचंद, तेही भारतीयच. निकोसियाचा विमानतळ शांतिसेनेनं ताब्यात घेतला आणि तिथली लढाई टळली. तो विमानतळ मात्र कायमचा बंद झाला. एक जुनं प्रवासी विमान तिथे गंजत उभं राहिलं.

वाटणी करून टाकावी?

आता प्रश्नाकडे येऊ. काहीजण म्हणतात, "झालं ते झालं. दोन देश करून टाका." त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. १९७४नंतर तिथे मोठी लढाई झालेली नाही. उत्तरेतल्या म्हाताऱ्या माणसांना १९६३ आठवतं. पुन्हा बहुसंख्य ग्रीकांच्या हाताखाली राहायची त्यांना भीती वाटते. त्यात किती पिढ्या वेगळ्या वाढल्या! आज शाळेत असलेल्या मुलांच्या आईवडिलांनीही अखंड सायप्रस पाहिलेलं नाही.

पण थांबा. वाटणीनं प्रश्न सुटला आहे का? उत्तरेनं १९८३मध्ये स्वतंत्र देश जाहीर केला, तो जगानं मानला नाही. त्यामुळे तिथल्या मित्राला पत्र लिहायचं तर पत्त्यावर 'मेर्सिन १०, तुर्कस्तान' असं लिहावं लागतं. तिथल्या फुटबॉल संघाला फिफाच्या स्पर्धांत खेळता येत नाही. दक्षिणेतल्या लोकांची घरं, बागा, थडगी उत्तरेत राहिली. त्यांना वाटतं, वाटणीवर सही करणं म्हणजे लष्करानं घेतलेलं आपण होऊन देऊन टाकणं. आणि उत्तरेत हजारो तुर्की सैनिक आजही आहेत.

गंमत अशी, की पक्की वाटणी करायची तरी सीमा कुठे, घरांची भरपाई किती, हे ठरवायला त्याच दोघांना एका टेबलाशी बसावं लागणार! बोलणं काही चुकत नाही.

की संघराज्य?

दुसरा मार्ग संघराज्याचा. १९७७मध्ये मकारिओस आणि तुर्की सायप्रियटांचे नेते रौफ देंक्ताश यांनीच तो तत्त्वतः मान्य केला होता. संघराज्य म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. महाराष्ट्राचं सरकार वेगळं, दिल्लीचं वेगळं. काही कामं राज्याची, काही केंद्राची. सायप्रसमध्ये तशी दोन राज्यं असावीत, एक ग्रीक, एक तुर्की, आणि वर एक समाईक सरकार.

पण आपल्याकडे राज्यं पुष्कळ. एका बाबतीत महाराष्ट्र कर्नाटकाशी भांडेल, दुसऱ्या बाबतीत दोघं मिळून दिल्लीशी भांडतील. सायप्रसमध्ये राज्यं फक्त दोन. तिसरा कुणी नाहीच! प्रत्येक प्रश्नाची रस्सीखेच होण्याची भीती. १९६०मध्ये नेमकं हेच घडलं होतं.

तरीही प्रयत्न झाले. २३ एप्रिल २००३ रोजी रेघेवरच्या वाटा अचानक खुल्या झाल्या. हजारो माणसं रांगा लावून पलीकडे गेली. कशाला, तर आपलं जुनं घर बघायला. दार उघडलं की समोर अनोळखी कुटुंब. कुठे कॉफी मिळाली, कुठे जपून ठेवलेले जुने फोटो हातात पडले, तर कुठे नुसतेच अश्रू.

पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २००४ला, संघराज्याच्या योजनेवर दोन्हीकडे मतदान झालं. उत्तरेत सुमारे ६५ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. दक्षिणेत सुमारे ७६ टक्के लोकांनी 'नाही'! तुर्की सैन्य पुरतं जात नाही, सगळी घरं परत मिळत नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. योजना बारगळली. आठवड्याभरात अख्खं सायप्रस युरोपीय संघात गेलं, पण संघाचे कायदे उत्तरेत लागू झाले नाहीत. २०१७मध्ये स्वित्झर्लंडमधली बोलणीही फिसकटली. २०२०मध्ये उत्तरेनं दोन देश हवेत म्हणणारा नेता निवडला, तर २०२५मध्ये संघराज्य हवं म्हणणारे तुफान एर्हुर्मान निवडून आले. लंबक हलतोच आहे.

जमिनीखालचं सायप्रस

आता एक घाणेरडी, पण छान गोष्ट सांगतो. शहराचे दोन तुकडे झाले, पण गटाराचे कसे करणार? निकोसियाचं सांडपाणी शुद्ध करण्याची जागा उत्तरेत होती आणि घरं दोन्हीकडे. तेव्हा १९७०च्या दशकाच्या शेवटी दक्षिणेचे महापौर लेलोस देमेत्रियादेस आणि उत्तरेचे महापौर मुस्तफा अकिंजी एकत्र बसले. वर काटेरी तार, बंदुका, वाळूची पोती. खाली मात्र एकच गटार सुरू झालं! त्यातूनच पुढे सगळ्या शहराचा समाईक आराखडा तयार झाला. आणि ते अकिंजी? २०१५मध्ये ते उत्तरेचे नेते झाले आणि संघराज्याच्या बोलणीला बसले.

असंच आणखी एक काम चालतं. त्या संघर्षात दोन्हीकडची मिळून २,००२ माणसं बेपत्ता झाली. त्यांचे अवशेष शोधायला ग्रीक आणि तुर्की सायप्रियट शास्त्रज्ञ एकाच पथकात काम करतात. हजाराहून अधिक जणांची ओळख पटवून ते अवशेष त्यांच्या घरच्यांकडे सोपवले गेले आहेत. दोन्ही बाजूंनी मिळून जुनी चर्चं आणि मशिदीही दुरुस्त केल्या आहेत.

म्हणून मला विचाराल, तर माझं मत संघराज्याच्या बाजूला पडतं. पण १९६०सारख्या, दुसऱ्यांनी शिवून अंगात घातलेल्या अंगरख्याच्या नाही. जे समाईकच आहे, म्हणजे पाणी, गटार, वीज, हरवलेली माणसं, ते आधी मिळून सांभाळायचं. शाळा, भाषा, पोलीस ज्याचे त्याचे. आणि तुर्कांना बहुमताची वाटणारी भीती व ग्रीकांना सैन्याची वाटणारी भीती, दोन्ही खऱ्या मानून त्यांवर पक्के उपाय लिहून ठेवायचे. एकाची भीती खोटी म्हटली, की करार कागदावरच राहतो.

वाटणीचा अनुभव आपल्या देशालाही आहे. तेव्हा असं करा. वर्गात दोन गट पाडा. एक वाटणीच्या बाजूनं बोलेल, दुसरा संघराज्याच्या. पंधरा मिनिटांनी बाजू बदला. काल ज्याच्याविरुद्ध बोललात, त्याच्या बाजूनं आज बोलायचं! मग मतदान घ्या. निकोसियात जे मोठ्यांना अजून जमलेलं नाही, त्यातलं निम्मं काम तर तुमच्या वर्गात एका तासात होऊन जाईल.