शेरूची वही

आमचा शेरू खाजवायला लागला की थांबतच नसे. भिंतीला पाठ घासायचा, पंजे चावायचा, रात्री कान फडफडवून सगळ्यांना जागं करायचा. पोटावरचे केस गेले, कातडी लालभडक झाली. आजी म्हणाली, "खरूज असेल, करंजाचं तेल लावा." लावलं. वास घरभर पसरला, खाज मात्र तशीच!

शेवटी बाबांनी आणि मी त्याला रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याची कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे दिसले नाहीत. मग फणीनं केस विंचरून निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकला. त्यात पिसवांची विष्ठा असती, तर तांबूस डाग पडले असते, कारण पिसवा रक्त पितात. डाग पडले नाहीत.

"खायला काय देता?"

"दूध, पोळी, बिस्किटं, कधी चिकन."

"यातलंच एखादं त्याचं शरीर शत्रू समजत असेल. हीच ॲलर्जी."

"रक्त तपासायचं का?" बाबांनी विचारलं.

"खाण्याच्या ॲलर्जीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. खरी परीक्षा तुमच्या स्वयंपाकघरात! आठ आठवडे त्यानं पूर्वी कधी न खाल्लेलंच द्या. दुसरा कणही नको."

मग शेरूसाठी उकडलेलं रताळं आणि काटे काढलेला मासा सुरू झाला. मीठ नाही, फोडणी नाही. कांदा-लसूण तर कुत्र्यांना विषारीच. आणि मित्रांनो, आपल्या नाशिकची द्राक्षंसुद्धा! द्राक्षं, मनुका खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

शेरू किती वेळा खाजवतो, ते मी रोज वहीत लिहायचो. आकडा हळूहळू उतरू लागला. पाचव्या आठवड्यात एकदा तो माझ्याकडे असा काही बघत बसला, की मी त्याला अर्धं बिस्किट दिलं. कुणी पाहिलं नाही.

दोन दिवसांत पुन्हा पंजे चावणं सुरू! आई काळजीनं म्हणाली, "मासाही सोसत नाही की काय याला?" ती दुसरं काय द्यावं याचा विचार करू लागली. मला राहवेना. खरं सांगून टाकलं. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वहीत लिही." मी लिहिलं. पण डॉक्टरांनी आठ आठवडे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लावले.

ते संपल्यावर जुने पदार्थ एकेक करून परत दिले. दूध चाललं, चिकन चाललं. पोळी दिली आणि तिसऱ्या दिवशी खाज! बंद केली, खाज थांबली. पुन्हा दिली, पुन्हा आली. म्हणजे दोषी गहू!

आजी गप्पच झाली. रोजची पहिली पोळी ती शेरूला घालायची. "इतकी वर्षं मीच त्याला..." म्हणाली आणि डोळे पुसले.

ज्वारीही आम्ही तशीच पारखून घेतली. ती सोसली. घरच्या जेवणात काही कमी पडू नये, म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियमही ठरवून दिलं. आता आजी रोज पहिली भाकरी शेरूसाठी बाजूला काढते. आणि बिस्किटांचा डबा? तो मी स्वतःच वरच्या फळीवर ठेवलाय.