शिक्का आणि संशय

शिरवळ, जि. सातारा



आपले पत्र पावले. बापाच्या खुनाची वार्ता पहिल्याच अंकात कळूनही जो पाचव्या अंकाच्या अखेरीपर्यंत खुन्यावर शस्त्र चालवीत नाही, त्या हॅम्लेटास दीर्घसूत्री ठरवून आपण मोकळे झालात. निवाडा एकतर्फी झाला असे मला वाटते, म्हणून ही कैफियत.

हा राजपुत्र स्वभावतः मंद खास नाही. पडद्याआड चाहूल लागताच तलवार खुपसून पोलोनियसास ठार करणारा आणि चाच्यांच्या गलबतावर एकटाच उडी घेणारा पुरुष एकाच बाबतीत अडखळतो, ती बाब खुनी चुलत्याच्या वधाची. तेथे साक्षीदार एकच, तोही मृत. आणि ज्या राजापुढे फिर्याद न्यावयाची तोच आरोपी. म्हणून तो दरबारात नाटक करवून पुरावा गोळा करतो. पुरावा मिळाल्यावर राजा प्रार्थनेत एकटा सापडतो, तरी हात आवरतो. या क्षणी मारला तर पापी स्वर्गास जाईल, हे त्याने दिलेले कारण मला पुरेसे वाटत नाही. एकांतात उरकलेला वध जगाच्या दृष्टीने खूनच ठरला असता, आणि त्यास तर न्याय हवा होता. पुढे इंग्लंडच्या वाटेवर स्वतःच्याच शिरच्छेदाचा हुकूम हाती लागतो, तेव्हा तो तत्काळ दुसरा खलिता लिहितो आणि जवळ असलेल्या बापाच्या मुद्रेने मोर्तब करून दोघा सोबत्यांस मृत्यूच्या स्वाधीन करतो. राजमुद्रा वापरता आली त्या रात्री विलंब कोठेच दिसत नाही, हे आपण ध्यानी घ्यावे.

या विषयाची आपल्या मुलुखाशी जुनी सोयरीक आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी हे नाटक ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली मराठीत आणले, आणि साताऱ्याचेच जुने नाव मिरविणाऱ्या शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे आपला हॅम्लेट, रंगभूमीवर अजरामर केला. परंतु भाषांतराच्या पलीकडे पाऊल टाकले ते सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. एकविशीच्या सुमारास, १८९३ मध्ये लिहिलेल्या आणि १९०६ मध्ये छापून निघालेल्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या नाटकात त्यांनी हॅम्लेटाचे द्विधा मन शनिवारवाड्यात आणून बसविले, आणि ऑथेल्लोतल्या इयागोच्या धर्तीवर केशवशास्त्री हा विष कालविणारा पुरुष त्याच्या कानाशी ठेवला.

ही निवड किती अचूक होती, हे शिरवळास बसून विशेष जाणवते. येथून नीरेपलीकडे नीट उत्तरेस पुरंदर, जेथे १७७४ च्या एप्रिलात सवाई माधवरावाचा जन्म झाला. दक्षिणेस खंबाटकीचा घाट ओलांडून वाईच्या वाटेस लागले की कृष्णाकाठी मेणवली, नाना फडणिसांचे गाव. एका अंगास नावाचा धनी आणि दुसऱ्या अंगास कामाचा धनी. चाळीस दिवसांच्या अर्भकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. राज्य चालविले बारभाईंनी, पुढे एकट्या नानांनी. खर्ड्याची फत्ते त्याच्या नावावर जमा झाली खरी, पण जुन्नरास कैदेत असलेल्या बाजीरावाशी त्याने चालविलेला पत्रव्यवहार उघड होताच त्याच्यावरची पाळत अधिकच आवळली गेली. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी तो वाड्याच्या सज्जावरून खाली पडला आणि दोन दिवसांनी वारला. वय अवघे एकवीस. तो अपघात की आत्मघात, हा वाद इतिहासकारांनी चालवावा. नाटककारास कारण पुरेसे होते.

नानांचे कर्तृत्व मी नाकारीत नाही. त्यांच्यावाचून ती दौलत वीस वर्षे टिकती ना. परंतु निर्णयशक्ती वापरल्यानेच वाढते, आणि ज्याच्या नावाने हजारो हुकूम सुटले त्यास एकही स्वतःच्या बुद्धीने सोडता आला नाही, अशा मनात संकल्पाच्या जागी संशयच वाढीस लागावा यात नवल ते काय? डेन्मार्कात चुलत्याने लोभाने जे हिरावले, ते पुण्यात पालकाने काळजीपोटी दिलेच नाही. हेतू अगदी भिन्न, परिणाम मात्र जवळजवळ एकच.

सबब विलंबाचा दावा लावावयाचाच असेल, तर तो एकट्या नायकावर चालविणे रास्त नव्हे. शिक्का ज्याच्या ताब्यात होता त्यासही प्रतिवादी करावे. उत्तरी आपला उजर अवश्य कळवावा. लोभ असावा, ही विनंती.

आपला स्नेहांकित